तांबूस गूळ

कोल्हापूरच्या बाजारात गुळाचा भाव आधी डोळे ठरवतात. सौद्याला रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, रांगा लागतात, व्यापारी रांगेतून फिरतात, एखाद्या रव्याचा टवका काढून तोंडात टाकतात, बोटांनी चुरून बघतात. पण बोली चढते ती रंगावर. पिवळाधमक रवा वरच्या भावाला जातो, तांबूस त्याच्या खाली, आणि काळसर रव्यापाशी कुणी फारसं थांबत नाही. इथला बराच गूळ गुजरातेत जातो आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला पिवळाच लागतो, असं मी लग्न होऊन या घरात आल्यापासून ऐकत आले. पुढे आमचा गूळ पुण्या-मुंबईच्या घरांत थेट जायला लागला, तेव्हा कळलं की पिवळा गूळ सगळ्यांनाच हवा असतो.

माझं सासर करवीर तालुक्यातलं. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. पंचगंगेच्या काठच्या गावांना तेव्हापासून गुळानं जगवलं. आमचं गुऱ्हाळ मामंजींच्या वडिलांनी घातलेलं. माझं माहेर तासगावकडचं, द्राक्षाचं आणि बेदाण्याचं. बी.एस्सी.ला मी रसायनशास्त्र घेतलं होतं. सासरी आल्यावर आधी गुऱ्हाळाचा हिशेब माझ्याकडे आला, मग पॅकिंग, मग विक्री. हिशेबाच्या वहीसाठी रस आटवायच्या काहिलीजवळ उभं राहावं लागायचं आणि तिथं उभं राहता राहता गूळ कसा होतो ते मी शिकले.

निम्मा गूळ शेतातच झालेला असतो, हे तिथं कळलं. युरियाचा मारा झालेला ऊस, क्षारपड जमिनीतला ऊस, लोळलेला ऊस यांचा गूळ रंगाला मार खातो. क्षारपडीतल्या गुळाला खारट चव लागते, ती कुठल्याच उपायानं जात नाही. को ९२००५ सारखा गुळाला चांगला मानलेला ऊस लावला, तो पुरता पिकू दिला, तोडला त्याच दिवशी गाळला, तर गूळ करणाऱ्या गुळव्याचं अर्धं काम सोपं होतं. तोडून पडलेल्या उसातली साखर फुटायला लागते. तसल्या रसाचा गूळ कितीही आटवा, घट्ट बसत नाही.

रस गाळून काहिलीत पडला की चुलवाणात चिपाड जायला लागतं. जाळ घालणारा गडी खाली, गुळव्या वर. रस तापताना, उकळी फुटायच्या आधी, वर काळपट मळी जमते. भेंडीची हिरवी झाडं ठेचून पाण्यात भिजवून ठेवलेली असतात. त्यांचं चिकट पाणी या वेळी रसात सोडतात. तो चिकटपणा रसातली घाण धरून वर आणतो. रसाचा आंबटपणा मारायला चुन्याची निवळी घालतात, तीही बेतानं, कारण चुना जास्त झाला की रंग काळवंडतो. मळी काढायची, परत येऊ द्यायची, परत काढायची. मग रस खळखळ उकळतो, फेस काठापर्यंत चढतो, तेव्हा तेलाचे चार थेंब टाकून तो खाली बसवायचा. एकशे पाच-सहा अंशांच्या आसपास काकवी होते. घरातली पोरं याच वेळी वाट्या घेऊन येतात. पुढे एकशे अठरापर्यंत गेलं की गूळ उतरवायचा. आमच्याकडे थर्मामीटर आहे, पण आमचे गुळवे, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, आधी पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतात, त्याची गोळी बोटांत फिरवतात आणि मगच यारीवाल्याला हाक देतात. काहील उचलून वाफ्यात ओतली जाते, फावड्यानं घोटली जाते आणि फडकं घातलेल्या बादल्यांत गूळ भरला जातो. एक टन उसाला शंभर-सव्वाशे किलो. एवढं एक आदण निघायला काही तास जातात आणि त्या काही तासांत मळीवरून नजर हलवता येत नाही.

नजर हलवायची सोय एका पांढऱ्या पावडरीनं केली. गुऱ्हाळावर तिला नुसतं हायड्रोस म्हणतात. सोडियम हायड्रोसल्फाइट. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तिला क्षपणक म्हणून ओळखत होते. कापडाला नीळ चढवताना आणि कागदाचा लगदा उजळवताना ती वापरतात. उकळत्या रसात मूठभर टाकली की रसाचा रंग बघता बघता उतरतो, आणि ज्या उसाचा गूळ काळसर निघाला असता त्याचा पिवळा रवा होतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यातलं रसायनशास्त्र मला लगेच समजलं आणि म्हणूनच अंगावर काटा आला. गरम, आंबट रसात ही पावडर फुटते आणि सल्फर डायऑक्साइडसारखे गंधकाचे पदार्थ मागे राहतात. कायद्यात गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला कमाल मर्यादा घातलेली आहे. पण मुठीनं टाकणाऱ्याला ती मर्यादा कुठं ओलांडली हे कसं कळणार? दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइट सोसत नाही, त्यांचा दमा उसळतो. आणि एवढं करून तो रंगही टिकाऊ नसतो. साठवणीत गूळ पुन्हा गडद होत जातो.

पावडर टाकणाऱ्याला मी वाईट माणूस म्हणणार नाही. गुऱ्हाळावर परगावचा शेतकरी आपला ऊस घेऊन येतो, गाळणावळ देतो, गूळ त्याचा असतो. वर्षभराचं पीक. त्याच्या रव्याला रंगावरून पाडून मागितलं तर पुढच्या वर्षीच्या बेण्याचे पैसे जातात. त्याला कुणी केमिस्ट्री शिकवलेली नाही. बाजारानं एकच धडा शिकवला आहे, की पिवळ्याला पैसे मिळतात. काही ठिकाणी तर उसाच्या रसात साखर ओततात. साखर स्वस्त झाली की हा धंदा वाढतो. असला गूळ फिकट, टणक आणि चमकदार दिसतो आणि अनोळखी गिऱ्हाईक त्यालाच उत्तम म्हणून उचलतं. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण मानांकन गावाच्या नावाला राखतं. डब्यातल्या गुळाला गुळव्यानं आणि गिऱ्हाइकानं राखायचं असतं.

मला सगळ्यात जास्त खुपली ती वेगळीच गोष्ट. हाच पावडर मागणारा शेतकरी शेवटचं आदण गाळताना तात्यांना सांगायचा, "यात काय टाकू नगासा. ह्यो घरी खायला हाय." तो गूळ तांबूस निघायचा, मऊसर, उसाचा वास असलेला. तो त्याच्या घरी जायचा, लेकीच्या सासरी जायचा, पाहुण्यांना वाटला जायचा. पिवळा बाजारात.

हे मला नवीन नव्हतं. माहेरीही हेच पाहिलं होतं. आमच्या भागात द्राक्ष वाळवताना बेदाण्याला एकसारखा पिवळा-हिरवा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. भाव त्याच बेदाण्याला. आणि आमची आजी मात्र आम्हा नातवंडांच्या खिशात भरायची ते उन्हात तपकिरी झालेले, धुरी न दिलेले मनुके. गुळाचं गाव आणि बेदाण्याचं गाव, दोन्हीकडे पिकवणाऱ्याला नेमकं ठाऊक आहे की आपल्या पोराच्या हातावर काय ठेवायचं. ते दुसऱ्याच्या पोराच्या हातावर का पडत नाही, हा प्रश्न घेऊन मी मामंजींकडे गेले.

मामंजी फार बोलणारे नव्हते. त्यांनी तात्यांना बोलावलं आणि माझ्यासमोर विचारलं, आपल्या उसाचा सगळा गूळ बिनपावडरीचा काढायचा तर काय लागेल? तात्या म्हणाले, "पावडर टाकायला अक्कल लागत न्हाई. भेंडीवर गूळ काढायचा म्हंजे मळीमागं हुबं ऱ्हावं लागतंय. गडी वाढवा. आन् ऊस मी सांगतो तवाच तोडा." बस, एवढंच. दोन्ही गोष्टी मामंजींनी मान्य केल्या. रासायनिक खताचा हात आखडला, तोडीची तारीख तात्यांच्या हाती दिली, मळी काढायला एक गडी वाढवला. पुढे भाड्यानं गाळायला येणाऱ्यांनाही इथं पावडर मिळणार नाही असं सांगितलं. काही शेतकरी दुसऱ्या गुऱ्हाळावर गेले. काही थांबले.

थांबलेल्यांची परीक्षा २०१९ नं घेतली. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या उसाच्या शेंड्याला लागलं आणि दिवसच्या दिवस उतरलं नाही. पाणी ओसरल्यावर उभा दिसणारा ऊसही आतून गेलेला होता. कांड्यांवर मुळ्या सुटल्या होत्या, पांगशा फुटल्या होत्या. अशा उसाचा रस पातळ आणि रंगाला काळपट. त्या हंगामात हायड्रोसशिवाय बाजारात उभं राहील असा रवा काढणं जवळजवळ अशक्य होतं. मामंजींनी त्यातला बराच ऊस गाळलाच नाही. जो बरा होता त्याची काकवी करून विकली, कारण काकवीला गडद रंग चालतो. वर्ष तोट्यात गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि पुन्हा तेच करावं लागलं. मी ज्या कामाविषयी लिहिते आहे त्याची ही बाजू शहरातल्या 'नैसर्गिक' लिहिलेल्या सुबक पुड्यांवर दिसत नाही. शुद्ध अन्नाची किंमत शेतातल्या आणि काहिलीवरच्या माणसानं आधी मोजलेली असते. किलोमागे आम्ही चार पैसे जास्त घेतो ते यासाठी.

विक्री माझ्याकडे आल्यावर गिऱ्हाइकांशी बोलणं हेच माझं मुख्य काम झालं. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, केमिकल नाही ना?" नाही म्हटलं की ऑर्डर येते. गूळ पोचला की दुसरा फोन येतो: "ताई, गूळ काळा आलाय हो." हे दोन्ही फोन एकाच बाईचे असतात. तिच्यावर मी रागावत नाही. जन्मभर तिनं पिवळा गूळ पाहिला आहे. गुळाचा रंग म्हणजे तो, हे तिच्या डोळ्यांना बाजारानं शिकवलं आहे. मी तिला सांगते, की आमच्या गुळाचा रंग महिन्यागणिक आणि शेतागणिक बदलतो. डिसेंबरातला थोडा उजळ असेल, हंगामाच्या शेवटचा गडद. एका मळ्यातला मऊ, दुसऱ्यातला रवाळ. ज्या गुळाचा रंग बाराही महिने एकसारखा, त्याच्याविषयी प्रश्न विचारावा. काही जणी ऐकून घेतात, काही परत मागवत नाहीत. ज्या ऐकतात त्या पुढच्या वर्षी बहिणीचा, नणंदेचा पत्ता देतात. आमचा धंदा या पत्त्यांवर उभा आहे.

तिसरा प्रश्न जास्त नाजूक असतो. "हा गूळ डायबेटिसला चालतो ना?" चालत नाही. मी स्पष्ट सांगते. गूळ शुद्ध असला तरी तो मुख्यतः साखरच आहे, आणि रक्तातली साखर वाढवायला तो मागे राहत नाही. उसातली थोडीशी खनिजं त्यात उरतात, पण त्यासाठी कुणी गूळ खाऊ नये. डाळी, पालेभाज्या, नाचणी त्यासाठी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं, की बाहेरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी आणि पाच टक्क्यांपर्यंत आणता आली तर आणखी चांगलं. मोठ्या माणसाच्या आहारात पाच टक्के म्हणजे सुमारे सहा चमचे. गूळ, काकवी, मध ही सगळी साखर म्हणूनच मोजायची. माझ्या मालाची विक्री यानं कमी होत असेल तर होऊ दे. पोराच्या पोटात रसायन जाऊ नये म्हणून जी आई माझ्याकडे येते, तिला मी औषध म्हणून गूळ विकला तर माझ्यात आणि पावडर टाकणाऱ्यात फरक उरणार नाही.

गावातल्या बचत गटात आम्ही बायका चटणी करतो. कोल्हापुरात कांदा-लसणाच्या तिखटाला चटणी म्हणतात. तिथंही गिऱ्हाइकाला लालभडक लागतं. बाजारातल्या काही तिखटांत हा लाल रंग कुठून येतो ते सांगायला नको. आमच्याकडे तो ब्याडगी मिरचीतून येतो. ब्याडगीला रंग जास्त, तिखटपणा कमी. जाळ हवा म्हणून संकेश्वरी मिसळायची. कांदा-लसूण, खोबरं, तीळ भाजून, डंकावर कुटून जी चटणी होते ती पहिल्या दिवशी लाल असते आणि उन्हात, उजेडात ठेवली तर हळूहळू फिकी पडते. मिरचीचा खरा रंग उजेड सोसत नाही. म्हणून आम्ही ती काचेच्या पारदर्शक बरणीत विकत नाही आणि घेणाऱ्याला सांगतो, की काळोख्या फडताळात ठेवा.

याच गटात एकदा मी सगळ्यांना घरात असलेले बिस्किटांचे, शेवेचे, जामचे पुडे घेऊन बोलावलं. पुड्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचायचं नाही, मागची बारीक अक्षरं वाचायची, एवढाच नियम. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, हे कुणाला माहीत नव्हतं. एका पुड्यावर पुढे गुळाच्या ढेपेचं चित्र होतं. मागे मैदा पहिला, साखर दुसरी, पाम तेल तिसरं आणि गूळ पार खाली. मग आकडे. १०२ म्हणजे टार्ट्राझीन, पिवळा रंग. ११० सनसेट यलो. २११ सोडियम बेंझोएट, टिकवण्यासाठी. बिस्किटांवर वारंवार दिसणारा २२३ म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट, आपल्या गुळातल्या गंधकाचाच भाऊबंद. हे सगळं ठरावीक पदार्थांत, ठरावीक मर्यादेत कायद्याला चालतं, हे मी त्यांना सांगितलं, कारण उगाच भीती घालून काही साधत नाही. पण एका लेकराच्या दिवसात सकाळी बिस्किट, दुपारी रंगीत शेव, संध्याकाळी जाम आणि सरबत आलं, तर मर्यादांची बेरीज कोण करतं? आणि जत्रेतल्या गुलाबी म्हातारीच्या केसांत तर कायद्यानं अजिबात न चालणारा रोडामाइन-बी हा रंग सापडला, म्हणून २०२४ मध्ये तामिळनाडू आणि कर्नाटकानं त्यावर बंदी घातली. गटातली एक म्हातारी आजी सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे पोराला भाकरी-गूळ दिलेलं बरं." थोडा गूळ, मी म्हटलं.

माझ्या घरात फार मोठं काही बदललं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडे येणं कमी झालं, एवढंच. शाळेच्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू, भाजणीचं थालीपीठ, कधी दशमी. पोरं कुरकुर करतात, बाहेर गेली की रंगीत खातात, आणि ते मी अडवत नाही. घरात रोज जे शिजतं त्यावर त्यांची जीभ तयार होते, यावर माझा विश्वास आहे. धाकट्याला परवा कुणीतरी पिवळा गूळ दिला. तो म्हणाला, आई, याला वासच नाही.

तात्या आता थकले आहेत. त्यांच्या हाताखाली दोन तरुण मुलं शिकतात. कोल्हापूरच्या आसपासची कितीतरी गुऱ्हाळं गेल्या काही वर्षांत बंद पडली. ऊस साखर कारखान्याला घातला की गड्यांची, जळणाची, रंगाची कटकट नाही. राहिलेल्यांतली जी भेंडीवर गूळ काढतात, त्यांना अनुदानापेक्षा गिऱ्हाईक जास्त हवं आहे. म्हणून माझं वाचणाऱ्यांना एक सांगणं आहे. संक्रांतीचा गूळ घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराकडे तांबूस गूळ मागा. तो म्हणेल, कुणी घेत नाही म्हणून ठेवत नाही. तरी मागा, पुढच्या आठवड्यात परत मागा. घरी आणलात की कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात तो ओलावा धरेल, मऊ पडेल, आणखी गडद होईल. बुरशी आली तर टाका. नुसता रंग गडद झाला म्हणून टाकू नका, आमटीत घाला.